एअरफिक्सची १/७२ स्पिटफायर स्टार्टर पेटी: प्लास्टिक उत्तम, रंग बेताचे

विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रंगवायची ही पेटी घेतली जाते पोराच्या वाढदिवसाला आणि उघडतो मात्र बाप, काका नाहीतर मामा. ज्यांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून, रद्दीवाल्याकडून किंवा गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून 'कमांडो' ही युद्धकथांची कॉमिक्स आणून फडशा पाडला, त्यांच्यासाठी झाकणावरचं ते स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, पुरेसं असतं. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी आहे: हात पुन्हा या कामाला लावायचे आहेत, पण पेटीत काय मिळतं, काय मिळत नाही आणि पहिलंच विमान कुठे बिघडतं हे आधी कळलं तर बरं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

पेटी कोणती ते आधी. एअरफिक्सचं सुपरमरीन स्पिटफायर मार्क वन-ए, स्केल १/७२, स्टार्टर सेट क्रमांक ए५५१००. हाच साचा रंगांशिवाय नुसत्या किटच्या पेटीतही येतो. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. तयार विमानाचा पंखविस्तार साधारण १५६ मिलिमीटर आणि लांबी १२७ मिलिमीटर, म्हणजे तळहातावर मावेल असं. एअरफिक्सचं पहिलं स्पिटफायर १९५३ साली आलं, बाजूला बीटी-के अशी अक्षरं होती आणि वूलवर्थच्या दुकानांत ते प्लास्टिकच्या पिशवीत मिळायचं. मापात ते बरंच चुकीचं होतं. आजच्या पेटीतला साचा त्याचा वंशज नाही, तो नव्याने मोजून केलेला आहे आणि आकार नजरेला पटतो. विशेषतः पंखाचा लंबवर्तुळाकार आणि नाकाची रेष. स्पिटफायरमध्ये या दोन गोष्टी चुकल्या की बाकी कितीही तपशील असो, विमान परकं वाटतं. इथे त्या चुकलेल्या नाहीत, आणि या किमतीच्या किटमध्ये मला सर्वांत मोलाची गोष्ट तीच वाटते.

२००६ पासून एअरफिक्स हॉर्नबी कंपनीकडे आहे. गेल्या दशकातल्या बऱ्याच पेट्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेलं सापडतं, जुना साठा असलेल्या दुकानात अशी पेटी अजून हाती लागू शकते. छपाई कुठलीही असो, प्लास्टिक थोडं मऊ आहे. मऊ प्लास्टिकचा फायदा म्हणजे कटर सहज चालतो, तोटा म्हणजे घासताना एक-दोन हात जास्त मारले की आकारच जातो. पृष्ठभागावरच्या पत्र्याच्या जोडरेषा खोदलेल्या आहेत आणि या स्केलला जरा रुंद आहेत. दोन-तीन पातळ थर रंग चढला की त्या शांत होतात. त्यांत काळ्या रंगाचं पाणी सोडायचा मोह या किटवर आवरावा, विमान फरशीसारखं दिसायला लागतं.

सेटमध्ये किटशिवाय छोट्या ॲक्रिलिक रंगांच्या कुप्या, दोन ब्रश आणि सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, येतं. सुटे भाग चाळीसच्या आत आहेत, वैमानिकाची मूर्ती त्यांत आली. चाकं वर घेतलेली किंवा खाली सोडलेली, दोन्ही करता येतात. स्टँड मात्र पेटीत नाही, आणि ही उणीव खटकते, कारण 'कमांडो'मधल्या पंचम सुरातल्या त्या गोष्टींमधलं स्पिटफायर जमिनीवर कधी उभंच नसतं. ते ढगातून खाली येत असतं. माझं स्पष्ट मत आहे की आठवणीसाठी करत असाल तर चाकं वर, वैमानिक आत, आणि विमान हवेत.

स्टँडचा उपाय सोपा आहे. सायकलचा जुना स्पोक साधारण दोन मिलिमीटर जाडीचा असतो. धडाचे दोन अर्धे चिकटवायच्या आधी पोटात, पंखाच्या मागच्या कडेच्या जरा पुढे, दोन मिलिमीटर आतल्या व्यासाचा नळीचा तुकडा चिकटवून ठेवा. इअरबडची पोकळ काडी चालते का ते स्पोक घालून आधी बघा, नाहीतर बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा. खालून भोक पाडलं की स्पोक आत घट्ट बसतो आणि विमान उजवीकडे किंवा डावीकडे कलतं ठेवता येतं. धड बंद झाल्यावर हे सुचलं तर काही करता येत नाही, म्हणून इथेच सांगतो.

आता रंगाआधीचा खरा प्रश्न: स्पिटफायर कोणतं करायचं? इथे आठवण दगा देते. 'कमांडो' १९६१ पासून स्कॉटलंडमधल्या डंडीहून डी. सी. थॉमसन काढते, पण त्याच्या आतली पानं काळी-पांढरी. म्हणजे आपल्याला रंग आठवतो तो फक्त मुखपृष्ठावरचा, आणि मुखपृष्ठाला नाट्य हवं असतं. सिनेमाचं तर आणखी वेगळं. १९६९ च्या 'बॅटल ऑफ ब्रिटन'मध्ये जी मेसरश्मिट ही जर्मन लढाऊ विमानं दिसतात ती स्पेनमध्ये बांधलेली बुचोन विमानं आहेत आणि त्यांत मर्लिन इंजिन आहे, खुद्द स्पिटफायरचंच. त्यामुळे त्यांची हनुवटी फुगलेली दिसते. तो सिनेमा बघून पुढे मेसरश्मिट १०९ चं किट घेतलं तर नाकाचा आकार चुकला असं वाटेल, आणि बरोबर असेल ते किटच. सिनेमातली स्पिटफायरही १९४० ची सगळी नव्हती, उडण्याजोगी जी मिळाली ती बऱ्याचदा नंतरच्या मार्कांची, म्हणजे सुधारित आवृत्त्यांची, होती.

१९४० च्या उन्हाळ्यातलं स्पिटफायर असं असतं: वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, म्हणजे मातकट तपकिरी आणि गडद हिरवा. पोट स्काय रंगाचं, म्हणजे किंचित हिरवट, फिकट. पंख्याच्या मध्यावरची टोपी काळी. शेपटीजवळ धडाभोवती फिकट पट्टा नाही. तो पट्टा आणि फिकट टोपी नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस आली, म्हणजे 'बॅटल ऑफ ब्रिटन' ही हवाई लढाई संपल्यावर. पोटाचा स्काय रंगसुद्धा जून १९४० पासूनचा, त्याआधी खालून एक पंख काळा आणि एक पांढरा असायचा. बाजारातल्या कितीतरी तयार मॉडेलांवर हे सगळे काळ एकत्र आलेले दिसतात. पेटीतल्या रंगतक्त्यावर विमानाचा काळ बघा आणि त्याला चिकटून राहा.

मराठी माणसाला यात आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी जण घेतात. हिंदुस्थानातून आलेल्या पैशांवरून ज्या ब्रिटिश स्क्वाड्रनांना नावं मिळाली, त्यांतल्या तीन इथे कामाच्या आहेत. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन १९४० च्या लढाईत वॉर्मवेलच्या तळावरून स्पिटफायर उडवत होती, तिच्या विमानांवर यूएम ही अक्षरं. तिचा पैसा निजामाचा, आणि त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये उभी राहिली, अक्षरं एमटी. १३२ (सिटी ऑफ बॉम्बे) जुलै १९४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेडला उभी राहिली, अक्षरं एफएफ. दोघींनी सुरुवात स्पिटफायर मार्क वनवरच केली, म्हणजे या पेटीतल्याच विमानावर. १५२ करायचं असेल तर काळी टोपी, पट्टा नाही. मुंबईच्या दोन्हींसाठी स्काय टोपी आणि स्काय पट्टा लागेल, वरचे रंग मात्र तेच तपकिरी-हिरवे, कारण तपकिरीच्या जागी राखाडी आला तो ऑगस्ट १९४१ मध्ये. पेटीतल्या डिकलमधली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांमधली, गोल निशाणं वापरायची आणि मध्यम राखाडी कोड अक्षरांचा १/७२ चा सुटा डिकल कागद वेगळा मागवायचा. विशिष्ट विमानाचा सिरियल क्रमांक फोटोवरून पक्का करूनच लावा, अंदाजाने लावू नका. शेल्फवर 'बॉम्बे' स्क्वाड्रनचं स्पिटफायर असणं ही गोष्ट मला इतर कुठल्याही प्रसिद्ध वैमानिकाच्या विमानापेक्षा जास्त आवडते.

जोडणीकडे वळू. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागून येतात त्या सांगाड्यासकट ते सगळे भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात धुवा आणि कागदावर रात्रभर वाळवा. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या तेलाचा अंश राहिला तर ॲक्रिलिक रंग टेपबरोबर सालीसारखा निघून येतो, आणि तोही नेमका शेवटच्या दिवशी. भाग सांगाड्यातून पिरगाळून तोडू नका. नेलकटरने थोडं लांबून कापा, मग उरलेला खुंट ब्लेडने तासा आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याबरोबर घासा.

पेटीतलं सिमेंट चालतं, पण वरून थापायच्या गोंदाची सवय सोडून ब्रश असलेलं पातळ सिमेंट घेतलं तर काम निम्मं होतं. तामियाची हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन बाटली ४० मिलिलिटरची असते आणि दहाएक विमानांना पुरते. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक जोडाला नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप फटीत ओढला जातो. हे सिमेंट प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, म्हणून जोडावर बोट असेल तर बोटाचा ठसाही कायमचा उमटतो. फेविक्विक इथे शक्यतो नको: जागा सरकवायला वेळ मिळत नाही आणि काचेजवळ वापरलं तर वाफेने काच पांढरट होते.

कॉकपिट आधी रंगवा. आतली बाजू हंब्रोल ७८, उपकरणांची पाटी काळी, डोकं टेकायची उशी काळी. वैमानिकाचा गणवेश हंब्रोल ९६, शिरस्त्राण गडद तपकिरी. तरंगतं जाकीट मूळचं हिरवट खाकी असायचं, अनेक वैमानिक ते पिवळं रंगवून घेत, त्यामुळे पिवळं केलंत तरी चूक नाही, आणि काच बंद झाल्यावर आतलं जे काही बाहेरून दिसतं ते हे पिवळंच. या आकारात डोळे काढू नका. चेहऱ्याला त्वचेचा रंग, मग अगदी पातळ केलेला तपकिरी, बस्स.

धडाचे अर्धे जोडले की लगेच पंख घ्यायचा मोह होतो. थांबा. खालचा पंख एकसंध आहे आणि वरचे दोन वेगळे. वरचे पंख खालच्यावर चिकटवण्याआधी मागच्या कडेची आतली बाजू ४०० नंबरच्या पेपरवर सपाट धरून घासा, दोन्ही तुकड्यांची. नुसतं चिकटवलं तर कडा पावाच्या स्लाइसइतकी जाड दिसते. मग पंख धडाला कोरडाच लावून बघा. स्पिटफायरच्या कुठल्याही किटमध्ये फट पडायची जागा म्हणजे पंखाचं मूळ, आणि दुसरी जागा पोटाखाली, जिथे पंखाची मागची कड धडाला मिळते. मुळाशी फट दिसली तर भरणीचा डबा उघडण्याआधी धड आतून रुंद करा: सांगाड्याचा एक तुकडा मोजून कापा आणि पंखाच्या जागी आडवा अडकवून चिकटवा. धड पाव मिलिमीटर फाकलं तरी फट मिटते. मुळाची ती गोल वळणाची पट्टी एकदा भरणी घालून घासली की तिचं वळण परत आणता येत नाही. भरणी लागलीच तर मिस्टर सर्फेसर ५०० ब्रशने भरा आणि इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, आसपासचं काही घासावं लागत नाही. एम-सील या स्केलला फार जाडंभरडं पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर तर जवळही आणू नका, त्यातल्या ॲसिटोनने पॉलिस्टायरिन वितळतं.

पंखांचा वर जाणारा कोन खऱ्या विमानात सहा अंशांचा आहे. सिमेंट ओलं असताना विमान सपाट काचेवर, धडाखाली आधार देऊन ठेवा आणि पट्टी उभी धरून दोन्ही टोकांची उंची मोजा. समोरून, मागून, दोन्हीकडून. मागचे छोटे पंख मात्र आडवे, सपाट असतात. हे दोन एकमेकांशी जुळले नाहीत तर मॉडेल दहा फुटांवरूनही वाकडं दिसतं, त्यामुळे या पंधरा मिनिटांत दुसरं काहीच करू नका.

रेडिएटर हा ठरलेला सापळा आहे. मार्क वनला वैमानिकाच्या उजव्या पंखाखाली मोठा चौकोनी रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली बारीक गोलसर ऑइल कूलर. मॉडेल उलटं धरून, नाक आपल्यापासून पलीकडे ठेवून काम करताना उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो. चिकटवण्याआधी विमान एकदा सरळ करून बघा. चाकं वर घेताना झाकणाचे तुकडे पंखाच्या पृष्ठभागाशी एकसमान बसवायला थोडं घासावं लागतं, कडेने घासा, वरून नको. चाकं खाली सोडणार असाल तर दोन्ही पाय समोरून बघून बाहेरच्या बाजूला सारखे कलते ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

आता रंग, आणि इथे सेट कमी पडतो. कुप्यांमधला रंग एका विमानाला जेमतेम पुरतो, पेटी दुकानात बरीच वर्षं पडून असेल तर तो घट्टही झालेला असतो, आणि ब्रश मोठ्या पृष्ठभागाला बारीक पडतात. सेटचे ब्रश सिमेंट लावायला आणि वैमानिकाला ठेवा. पंखांसाठी सहा मिलिमीटरचा सपाट, मऊ सिंथेटिक ब्रश आणि तपशिलांसाठी दोन शून्याचा गोल ब्रश घ्या. चित्रकलेचे ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग मॉडेलला वापरू नका, रंगाचे कण जाड असतात आणि प्लास्टिकवर पकड बसत नाही.

आधी राखाडी प्रायमर. तो खाली नसेल तर स्काय रंग बसायला पाच-सहा थर लागतात, प्रायमरवर तीन पुरतात. स्काय म्हणजे हंब्रोलचा क्रमांक ९०. फिकट आधी, गडद नंतर, म्हणून पोट पहिलं. मग वरचा सगळा भाग डार्क अर्थने, क्रमांक २९, आणि तो पूर्ण वाळल्यावर पेन्सिलीने नक्षीची रेष काढून हिरवे पट्टे, क्रमांक ३०. प्रत्येक थर दुधाइतका पातळ, आणि ब्रश एकाच दिशेने, विमानाच्या नाकाकडून शेपटीकडे. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवला की खालचा थर उचकटतो. ॲक्रिलिक रंग पंख्याखाली ब्रशवरच वाळतो, म्हणून रंगवताना छताचा पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे जड जातं, तेव्हा सकाळी लवकर बसा.

एअरब्रश लागतो का, हा प्रश्न दुकानात हमखास येतो आणि उत्तरादाखल कॉम्प्रेसर गळ्यात मारला जातो. हिशेब करून बघा. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या सीमेवर फार तर २५ मिलिमीटरची धूसर कड असली, तर १/७२ मध्ये ती होते ०.३५ मिलिमीटर. म्हणजे केसाच्या चार-पाच जाड्या. हाताने काढलेली स्वच्छ रेष या स्केलला जास्त खरी दिसते. एअरब्रशचा खर्च चौथ्या-पाचव्या विमानापर्यंत खुशाल लांबवा. नक्षीचे दोन प्रकार असायचे, ए आणि बी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. सम सिरियल क्रमांकाला ए, विषमाला बी. पेटीतल्यापेक्षा वेगळं विमान करणार असाल तर हे तपासा.

काचेच्या चौकटी मास्किंग टेप लावून रंगवा. टेप पूर्ण काचेवर लावून टूथपिकने कडांत दाबा, कड दिसली की नव्या ब्लेडने कापा. आधी आतला हिरवा, त्यावर बाहेरचा तपकिरी किंवा हिरवा, म्हणजे आतून बघताना चौकट बरोबर रंगाची दिसते. काच चिकटवायला फेविकॉल एमआर उत्तम. वाळून पारदर्शक होतो, काचेला बाधत नाही आणि बारीक फटही भरून काढतो. जास्तीचा ओल्या ब्रशने पुसा.

डिकल लावण्याआधी चकचकीत वार्निशचा थर अत्यावश्यक आहे, आणि हीच पायरी नवखे गाळतात. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चांदीसारखा चमकतो. तो दोष नंतर झाकता येत नाही. डिकल एकेक कापून साध्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मग ओल्या कागदावर मिनिटभर ठेवा. बोअरवेलचं जड पाणी असेल तर फिल्टरचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग उरतात. डिकल बसवायची दोन द्रवं लागतात: खाली मायक्रो सेट, जागेवर बसल्यावर वरून मायक्रो सोल. सोल लावल्यावर डिकल सुरकुततं आणि छातीत धस्स होतं. हात लावू नका, तासाभरात ते आपसूक खोदलेल्या रेषांत बसतं. पंखाच्या वरच्या बाजूची गोलं फक्त लाल-निळी, धडावरच्याला बाहेरून पिवळं कडं, ही खूणगाठ ठेवली की अदलाबदल होत नाही. आठ मशिनगनच्या तोंडावर, दर पंखाला चार, लाल कापडी तुकडे चिकटवलेले असायचे. ते डिकलने किंवा लाल रंगाने जरूर दाखवा, त्या चार लाल ठिपक्यांनी पंखाची पुढची कड जिवंत होते. पंख्याच्या पात्यांची टोकं पिवळी, पण दीड मिलिमीटरहून कमी. जवळपास प्रत्येक जण ती दुप्पट करतो.

शेवटी मॅट वार्निश. बाटली दोन मिनिटं नीट हलवा, तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर गडद हिरव्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. स्प्रेचा डबा वापरणार असाल तर कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर शक्यतो टाळा. दमट हवेत फवारा वाळताना पाणी धरतो आणि थर दुधाळ होतो. ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वार्निश पावसाळ्यातही चालतं, फक्त वाळायला दुप्पट वेळ द्या.

खरेदीबद्दल थोडं. एनॅमल रंग आणि थिनर ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या कुरिअरने पाठवायला अडचण येते, म्हणून ते लवकर मिळत नाहीत आणि महाग पडतात. ॲक्रिलिकवरच राहा. पातळ सिमेंट, प्रायमर, दोन ब्रश, टेप, मायक्रोच्या दोन बाटल्या आणि दोन्ही वार्निशं धरली तर सामानाचा खर्च पेटीहून जास्त होतो, हे आधी माहीत असलेलं बरं. मात्र हे सामान पुढच्या अनेक विमानांना पुरतं. वेळेचं म्हणाल तर हातातलं काम दहा-बारा तासांचं, पण वाळायचा वेळ धरून आठवडा ठेवा. एका रविवारात उरकायला बसलात तर बोटांचे ठसे ठरलेले.

मुलाबरोबर करायचं असेल तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ब्लेड आणि पातळ सिमेंट देऊ नका, पण वैमानिक, चाकं, पंख्याची टोपी आणि डिकल सरकवणं ही कामं त्याची. पंखा चिकटवू नका, फिरता ठेवा.

जुन्या खोक्यांची ओढ असेल तर एअरफिक्सच्याच व्हिंटेज क्लासिक्स मालिकेत जुने साचे जुन्या चित्रांसकट मिळतात. शॉर्ट संडरलंड ही उडती बोट त्यांत आहे, तिचा साचा १९५९ चा. ती चित्रं अप्रतिम आहेत, १९६४ पासून रॉय क्रॉस यांनी एअरफिक्सची खोकी काढायला घेतली आणि मुलांनी विमानं ओळखली ती त्यांच्या हातून. पण प्लास्टिकवर उठावदार रिव्हेट, कडांना पापुद्रे, आणि जोड जुळवायला तासन्‌तास. परत सुरुवात करणाऱ्याने ती पेटी पहिली उघडू नये, तिसरी उघडावी.

पाच पैकी किटला साडेचार, सेटमधल्या रंग-ब्रशांना दोन. घरात सामान आधीच असेल तर रंगांशिवायची साधी पेटी घ्या, साचा तोच. आणि शक्य असेल तर दोन घ्या: एक यूएम अक्षरांचं, काळ्या टोपीचं, १९४० चं, आणि दुसरं एमटीचं, स्काय पट्ट्याचं, १९४१ चं. शेजारी ठेवल्यावर त्या नऊ-दहा महिन्यांत काय बदललं ते बघणाऱ्याला न सांगता दिसतं.